मुका मार

आपल्या भाषेंत ‘मुका मार’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. कातडी फाटत नाहीं, रक्त वाहत नाहीं, हाड मोडल्याचें दिसत नाहीं. पण आंत कोठें तरी इजा झालेली असते आणि ती बोलत नाहीं. हातापायास लागलेला मुका मार चार दिवस शेकल्यानें उतरतो. तोच मार मस्तकास लागला म्हणजे मात्र त्याचें मुकेपण जिवावर बेततें. पडलेला मनुष्य उठून बसतो, कपडे झटकतो, ‘कांहीं झालें नाहीं’ असें सांगून घरीं जातो. आणि रात्रीं घरच्या माणसांनीं हांक मारली तर तो ओ देत नाहीं. मस्तकाच्या दुखापतीचा सारा इतिहास हा या मुक्या मारास वेळेवर बोलतें करण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. या खटपटीचा आरंभ फार प्राचीन आहे, तिचीं मोठीं पावलें दूरदूरच्या देशांत पडलीं, आणि तिची रोजची परीक्षा ठाणें, मुंब्रा, डोंबिवली व कल्याण या लोहमार्गावरच्या गांवांत होत आहे.

डोकें हें मर्म आहे, हें आपल्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. सुश्रुतसंहितेंत शरीरांतील १०७ मर्में सांगितलीं आहेत व त्यांपैकीं ३७ मर्में मान आणि मस्तक या भागांत आहेत. ज्यांवर आघात झाला असतां तत्काळ प्राण जातो अशा मर्मांत सुश्रुतानें ‘शंख’ या मर्माची गणना केली आहे. शंख म्हणजे आपलें कानशील. आधुनिक शरीरशास्त्र सांगतें कीं कानशिलाचें हाड कवटींतील अत्यंत पातळ हाडांपैकीं एक असून त्याच्या आंतल्या अंगास मेंदूच्या आवरणाला रक्त पुरविणारी एक रोहिणी चिकटून जाते. हाडास भेग पडली कीं ती रोहिणी फाटते. कारण ठाऊक नसतांहि अनुभवानें ओळखलेली जागा शेंकडों वर्षांनीं अशी अचूक ठरावी, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मर्म ओळखलें म्हणजे तें झांकण्याची बुद्धि सुचते. १६५९ च्या नोव्हेंबरांत प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाच्या भेटीस जातांना शिवाजी महाराजांनीं अंगांत चिलखत घातलें होतें, तसेंच डोक्यावर वरच्या वस्त्राखालीं लोखंडी शिरस्त्राणहि घेतलें होतें. हा प्रसंग महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास पाठ असतो. वाघनखांची कथा सर्वांच्या तोंडीं असते; शिरस्त्राणाची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. लढणाऱ्या माणसास त्या काळीं मस्तकाची जी काळजी वाटे, ती आज दुचाकीवरून कचेरीस जाणाऱ्या माणसास वाटत नाहीं, हा पुढील सर्व विवेचनाचा एक धागा आहे.

मेंदूची रचना पाहिली म्हणजे या काळजीचें कारण कळतें. मेंदु हा लोण्यासारखा मऊ अवयव. तो पाण्यासारख्या द्रवांत तरंगत असतो आणि सभोंवार कवटीची बंद पेटी असते. ही पेटी बाहेरच्या आघातापासून मेंदूचें रक्षण करते, पण आंत सूज आली किंवा रक्त सांठलें तर तीच पेटी मेंदूची वैरीण होते. पोटास सूज आली तर पोट फुगतें, पायास आली तर पाय सुजतो. कवटीस मात्र फुगतां येत नाहीं. मग आंतील दाब वाढत जातो, रक्ताचा पुरवठा खुंटतो, आणि शेवटीं श्वास चालविणाऱ्या मेंदूच्या तळच्या भागावर तो दाब येऊन श्वास बंद पडतो. म्हणून अशा रोग्याच्या बाबतींत दोन इजा मानाव्या लागतात. पहिली आघाताच्या क्षणींच होऊन गेलेली. ती वैद्याला परतवितां येत नाहीं. दुसरी त्यानंतर कांहीं तासांत किंवा कांहीं दिवसांत सूज, रक्तस्राव, प्राणवायूची उणीव व रक्तदाबाची घट यांमुळें होणारी; ती पुष्कळ अंशीं टाळतां येते. वैद्यकाची सारी धडपड या दुसऱ्या इजेसाठीं असते.

इजेचे प्रकारहि या रचनेवरूनच ठरतात. सर्वांत सौम्य तो नुसता हादरा: क्षणभर भान जातें किंवा गोंधळ उडतो, घडलेली घटना आठवत नाहीं, डोकें दुखतें, मळमळतें, आणि बहुतेक माणसें कांहीं दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत् होतात. दुसरा प्रकार ठेंचेचा. धांवत्या गाडीस एकाएकीं गचका बसला म्हणजे आंतील माणसें पुढच्या फळीवर आदळून मागें फेंकलीं जातात. तसाच मेंदु कवटीच्या एका बाजूस आदळून पुन्हां उलट बाजूसहि आपटतो. त्यामुळें कपाळावर मार बसलेल्या माणसाचा मेंदु मागच्या अंगास ठेंचला जाऊं शकतो. तिसरा प्रकार रक्त सांठण्याचा. तें मेंदूच्या वरच्या जाड आवरणाबाहेर सांठतें किंवा त्या आवरणाच्या आंत सांठतें. चौथा प्रकार असा कीं, वेगानें जाणारें डोकें गर्रकन फिरून थांबलें म्हणजे मेंदूंतील सूक्ष्म तंतु जागोजागीं ताणले जाऊन तुटतात. कवटी शाबूत, बाहेर जखम नाहीं, आंत रक्ताची गांठहि नाहीं, आणि तरीहि मनुष्य दिवसेंदिवस शुद्धीवर येत नाहीं. मुका मार या शब्दाचा सर्वांत भयंकर अर्थ तो हा.

यांपैकीं तिसऱ्या प्रकारानें युरोपांतील शस्त्रवैद्यांस प्रथम कोडें घातलें आणि नंतर धडा दिला. माणूस पडतो, बेशुद्ध होतो, थोड्या वेळानें शुद्धीवर येऊन बोलूंचालूं लागतो, आणि कांहीं तासांनीं पुन्हां बेशुद्ध होऊन मरतो. मधला हा शुद्धीचा काळ लोकांस फसवीत असे. अठराव्या शतकांत फ्रान्समधील व इंग्लंडमधील शस्त्रवैद्यांनीं, विशेषतः लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनीं, असें दाखवून दिलें कीं कवटीला पडलेली भेग स्वतः मारक नसून तिच्या आंत सांठणारें रक्त व त्याचा मेंदूवरील दाब हा मारक असतो. पहिली बेशुद्धि हादऱ्याची व दुसरी दाबाची. म्हणजे मधला शुद्धीचा काळ हा बरें झाल्याचा पुरावा नसून वैद्याला मिळालेली मुदत असते. या मुदतींत कवटीस छिद्र पाडून रक्त काढलें तर मरणारा मनुष्य अक्षरशः उठून बसतो. वैद्यकांत इतका निखळ जय क्वचितच मिळतो. आणि केवळ उशीर झाला म्हणून इतका मोठा घातहि क्वचितच होतो.

पुढें लोहमार्गाचें युग आलें आणि त्यानें मस्तकाच्या दुखापतीचें स्वरूपच पालटलें. त्यापूर्वीं ठाणें-कल्याणकडील माणूस डोक्यावर पडे तो ताडामाडावरून, विहिरीच्या काठावरून, बैलगाडींतून किंवा घोड्यावरून. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून सुमारें ४०० पाहुण्यांना घेऊन चौदा डब्यांची गाडी ठाण्यास आली आणि २१ मैलांचें अंतर सुमारें तासाभराचें झालें. पुढच्याच वर्षीं १ मे १८५४ रोजीं हा मार्ग खाडी ओलांडून कल्याणास पोंचला. माणसास आपल्या पायांच्या किंवा घोड्याच्या वेगाहून मोठा वेग मिळाला. आणि वेगाबरोबर आघाताचें बळहि वाढलें.

मेंदूच्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध रोगी हाहि लोहमार्गाच्या कामावरचाच होता. अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत कॅव्हेंडिश गांवाजवळ १३ सप्टेंबर १८४८ रोजीं फिनीअस गेज नांवाचा मुकादम सुरुंगाच्या भोंकांत दारू ठासत असतां ती अवचित पेटली आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून डोक्याच्या माथ्यांतून बाहेर पडली. गेज मेला नाहीं. तो बोलत होता, आणि डॉ. जॉन हार्लो यांच्या उपचारानें कांहीं महिन्यांत हिंडूंफिरूं लागला. परंतु डॉ. हार्लो यांनीं १८६८ सालीं जी विस्तृत हकीकत प्रसिद्ध केली तींत असें नमूद आहे कीं, पूर्वींचा मनमिळाऊ व धोरणी मुकादम उरला नव्हता. त्याच्या जागीं लहरी, तोंडाळ व कोणताच बेत तडीस न नेणारा एक निराळाच मनुष्य आला होता. त्याच्या मित्रांस तो परका वाटूं लागला. मेंदूचा पुढचा भाग हा माणसाच्या स्वभावाचें व विवेकाचें अधिष्ठान आहे, हा विचार वैद्यकांत रुजण्यास या एका दुर्दैवी मुकादमाची मोठी मदत झाली.

गेजच्या कथेचा उत्तरार्ध मात्र पाठ्यपुस्तकांत बहुधा गळतो. १८५२ मध्यें तो दक्षिण अमेरिकेंतील चिली देशास गेला व तेथें त्यानें कित्येक वर्षें घोडागाडी हांकण्याचें काम केलें. रोजची ठराविक वेळ, ठराविक वाट, उतारूंशीं व घोड्यांशीं ठरलेला व्यवहार. या कामांत तो पुष्कळ सांवरला असें अलीकडील संशोधकांचें मत आहे. १८६० सालीं फेंपऱ्याच्या झटक्यांनीं त्याचा अंत झाला. मेंदूचा घाव भरून येण्यास औषधाइतकीच नियमित दिनक्रमाची व जमेल अशा कामाची जरूर असते, हा धडा त्याच्या आयुष्याच्या या उत्तरार्धांत आहे.

गेज जें काम करीत होता तेंच काम पुढील दशकांत कल्याणच्या पलीकडे चालू होतें. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ पासून १८६३ पर्यंत खडक फोडून तयार झाला व त्या कामांत हजारों मजूर रोगानें व अपघातानें मेले. सुरुंग तेच, दारू तीच, पहारी त्याच. पण त्या मजुरांपैकीं कोणाचें नांव गेजप्रमाणें वैद्यकाच्या ग्रंथांत गेलें नाहीं. इतिहास हा केवळ घडलेल्या गोष्टींचा नसतो, लिहून ठेवलेल्या गोष्टींचा असतो, याची आठवण घाट चढतांना ठेवलेली बरी.

विसाव्या शतकानें रेलगाडीच्या जोडीस मोटार-सायकल आणली. १९३५ च्या मे महिन्यांत ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून विख्यात असलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्यें मोटार-सायकलवरून पडला व सहा दिवस बेशुद्ध राहून मरण पावला. त्यास तपासण्यास बोलाविलेल्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदुशल्यविशारद होते. हें मरण टाळतां आलें असतें काय, हा प्रश्न त्यांनीं सोडला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत निरोप पोंचविणारे सैनिक स्वार शत्रूच्या गोळीवांचूनच रस्त्यावर मरत होते. त्या अपघातांचा अभ्यास करून केर्न्स यांनीं १९४१ सालीं असें दाखविलें कीं शिरस्त्राण घातलेल्यांस होणारी मस्तकाची इजा बरीच सौम्य असते. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्करांतील अशा स्वारांस शिरस्त्राण सक्तीचें झालें. नागरिकांस मात्र तें त्या देशांत १९७३ सालीं सक्तीचें झालें. मध्यें बत्तीस वर्षें गेलीं. हिंदुस्थानांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें दुचाकीस्वारास हेल्मेट आवश्यक केलें. परंतु घोडबंदर रस्त्यावर किंवा शीळफाट्याकडे सकाळीं उभें राहून पाहिलें, तर कित्येकांचें हेल्मेट हाताच्या कोंपरांत किंवा टाकीवर दिसतें आणि मागें बसलेल्या पत्नीच्या व मुलाच्या डोक्यावर तर तें बहुधा नसतेंच. कायद्याचें कलम पोलिसाच्या भयानें पाळलें जातें. मर्माची जाणीव त्यामागें नसते.

मुक्या मारास भाषा देण्याचें काम १९७० नंतर विलक्षण वेगानें झालें. पूर्वीं एक वैद्य रोग्यास ‘गुंगींत’ म्हणे, दुसरा ‘अर्धवट शुद्धींत’ म्हणे, आणि या शब्दांवरून रोगी सुधारतो आहे कीं बिघडतो आहे हें कळत नसे. १९७४ सालीं ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनीं एक साधी मोजपट्टी बनविली. रोगी डोळे केव्हां उघडतो, काय बोलतो, आणि हातपाय कसे हलवितो, या तीन गोष्टींना गुण द्यावयाचे. कमींत कमी ३ आणि अधिकांत अधिक १५. तेरा व त्यावर असल्यास इजा सौम्य, नऊ ते बारा मध्यम, आठ किंवा खालीं गंभीर. ही मोजणी कोणतीहि परिचारिका खाटेपाशीं उभी राहून करूं शकते. त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९७१ रोजीं, लंडनजवळच्या एका इस्पितळांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें जिवंत माणसाच्या मेंदूचें पहिलें छेदचित्र घेतलें. हेंच सी.टी. स्कॅन. कवटी न उघडतां आंतील रक्ताची गांठ कांहीं मिनिटांत डोळ्यांस दिसूं लागली. १९७९ चें नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना मिळालें, तें योग्यच होतें.

हिंदुस्थानांत मेंदूच्या शस्त्रक्रियेची स्वतंत्र शाखा स्वातंत्र्यानंतर उभी राहिली. १९४९ सालीं वेल्लोर येथें डॉ. जेकब चंडी यांनीं, १९५० सालीं मद्रासेंत डॉ. राममूर्ति यांनीं, आणि त्यानंतर लवकरच मुंबईंत डॉ. राम गिंडे व डॉ. होमी दस्तूर यांनीं हें काम हातीं घेतलें. मुंबईंत १८४५ चें जे. जे., १९२६ चें के. ई. एम. व १९४७ सालीं शीव येथें सुरू झालेलें, पुढें लोकमान्य टिळकांच्या नांवानें प्रसिद्धीस आलेलें इस्पितळ, हीं मोठीं आश्रयस्थानें झालीं. ठाणें-कल्याणच्या रोग्याला मात्र दीर्घकाळ त्याच लोहमार्गानें किंवा त्याच्याच कडेच्या रस्त्यानें मुंबईस न्यावें लागे. ठाण्याचें विठ्ठल सायन्ना सिव्हिल इस्पितळ, कळव्याचें महानगरपालिकेचें छत्रपति शिवाजी महाराज इस्पितळ, कल्याणचें रुक्मिणीबाई व डोंबिवलीचें शास्त्रीनगर हीं इस्पितळें या पट्ट्याचे आधार झालीं. त्यांच्या जोडीस खाजगी शुश्रूषागृहें निघालीं. तरीहि मेंदूची शस्त्रक्रिया कांहीं प्रत्येक ठिकाणीं होत नाहीं. ज्ञान जगांत आहे, यंत्र शहरांत आहे. प्रश्न रोगी व यंत्र यांच्यामधील घटकांचा आहे.

या घटकांचें मोल डोंबिवलीइतकें क्वचितच दुसऱ्या गांवास कळत असेल. येथील घरोघरचीं माणसें घड्याळाच्या कांट्यावर जगतात. सकाळची ठरलेली गाडी, ठरलेला डबा, आणि आंत जागा नसल्यास दाराचा दांडा. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर रूळ ओलांडतांना, गाडींतून पडून व अन्य कारणांनीं मरणाऱ्यांची संख्या एके काळीं वर्षास तीन हजारांच्या वर होती, आणि २०२३ व २०२४ या वर्षींहि ती दोन हजारांहून अधिक राहिली. २०१५ च्या नोव्हेंबरांत डोंबिवली व कोपर यांच्या दरम्यान दारांत लोंबकळणारा एक तरुण पडून मरण पावला. सहप्रवाशानें घेतलेलें तें चित्रण सर्व महाराष्ट्रानें पाहिलें व कांहीं दिवस हळहळ झाली. ता. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं मुंब्र्याजवळच्या वळणावर परस्परविरुद्ध दिशांनीं जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतील माणसें एकमेकांस घासलीं व अनेकजण रुळांवर पडले. चौघे त्या दिवशीं प्राणास मुकले. जखमींस कळव्यास नेण्यांत आलें. त्यानंतर सर्व नव्या उपनगरी गाड्यांना आपोआप मिटणारीं दारें बसविण्याचा निर्णय रेल्वेनें जाहीर केला. बंद दारांची वातानुकूलित गाडी मुंबईंत पश्चिम रेल्वेवर २०१७ मध्यें व मध्य रेल्वेवर २०२० मध्यें आली होती. ठाणें व दिवा यांमधील पांचवा व सहावा मार्ग २०२२ सालीं खुला झाला. लष्करी स्वारापासून नागरिकापर्यंत शिरस्त्राण येण्यास बत्तीस वर्षें लागलीं होतीं; गाडीच्या दाराची गोष्ट त्याहून लांबणीची ठरली.

परंतु सारे आघात कांहीं रुळांवर होत नाहींत. ठाण्याची दहीहंडी सर्व देशांत गाजलेली आहे. २०१२ सालीं येथेंच गोविंदांनीं नऊ थरांचा मनोरा रचून जागतिक विक्रम केला. इतक्या उंचीवरून खालीं येणारें डोकें मग जमिनीवर आदळतें किंवा दुसऱ्याच्या डोक्यावर. मुंबई उच्च न्यायालयानें २०१४ सालीं उंचीवर व लहान मुलांच्या सहभागावर बंधनें घातलीं. २०१७ सालीं उंचीचें बंधन उठलें, पण चौदा वर्षांखालील मुलांस मनाई राहिली. वरच्या थरावरील मुलाच्या डोक्यावर हेल्मेट व खालीं गादी, एवढी गोष्ट उत्सवाचा आनंद तिळमात्र कमी करीत नाहीं.

आणि सर्वांत दुर्लक्षित आघात घरांतल्या घरांत होतो. वृद्ध माणूस न्हाणीघरांत घसरतो, भिंतीवर डोकें आपटतें, टेंगूळ येतें व जातें. वयाबरोबर मेंदु थोडा आकसलेला असतो, त्यामुळें आवरणाखालच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. रक्त पातळ करणारें औषध चालू असलें तर धोका आणखी वाढतो. रक्त थेंबाथेंबानें सांठतें आणि दोनतीन आठवड्यांनीं आजोबा विसरूं लागतात, चालतांना एका बाजूस झुकतात, दिवसा झोपतात. घरचे म्हणतात, ‘वय झालें.’ वास्तविक तें वय नसून तीन आठवड्यांपूर्वींचा मुका मार असतो, आणि लहानशा शस्त्रक्रियेनें तो पुष्कळदां पूर्ण बरा होतो.

वेळेच्या आड केवळ अंतर येत नाहीं, भीतीहि येते. रस्त्यावर पडलेल्या माणसास हात लावला तर पोलिसांचें झेंगट मागें लागेल, ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. इस्पितळेंहि ‘पोलिस केस’ म्हणून जखमीस दुसरीकडे धाडीत. १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं जखमीचा जीव वांचविणें हें प्रत्येक डॉक्टरचें पहिलें कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्यानंतरचे. २०१६ सालीं त्याच न्यायालयानें मदत करणाऱ्या नागरिकास त्रास होऊं नये म्हणून शासनाची नियमावलि बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें हें संरक्षण मोटार वाहन कायद्यांत आलें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून मिळूं लागली. कायदा आतां मदत करणाऱ्याच्या बाजूचा आहे. पण ही वार्ता फलाटावरील गर्दीस अजून पुरती पोंचलेली नाहीं.

प्राण वांचले म्हणजे इतिहास संपला असें मात्र नाहीं. कुटुंबाचा खरा इतिहास तेथून सुरू होतो. इस्पितळांतून घरीं आलेला मनुष्य दिसण्यांत धडधाकट असतो. टांके सुकतात, केस पुन्हां येतात. पण त्यास वास येत नाहीं, गलका सोसत नाहीं, तासाभरांत थकवा येतो. सकाळीं सांगितलेलें दुपारीं आठवत नाहीं. क्षुल्लक कारणानें तो मुलांवर ओरडतो आणि नंतर रडतो. हा त्याचा दोष नसून मेंदूच्या पुढच्या भागाची इजा असते. गेजची कहाणीच ती, फक्त ठिकाण निराळें. मुंबई-ठाण्याच्या बोलण्यांत विचित्र वागणाऱ्या माणसास ‘ठाण्याला पाठवा’ असें सहज म्हणतात. १९०१ सालीं स्थापन झालेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयावरून ही म्हण पडली. थट्टेचा हा शब्द अशा घरांतील पत्नीच्या किंवा आईच्या कानीं पडतो तेव्हां ती डॉक्टरकडे जाण्याऐवजीं दार लावून घेते, आणि मुका मार दुसऱ्यांदा मुका होतो.

बरें होण्याचा वेग पहिल्या सहा महिन्यांत अधिक असतो, पुढें तो मंदावतो; पण वर्ष-दोन वर्षें, आणि कित्येकांच्या बाबतींत त्याहूनहि पुढें, सुधारणा होत राहते. मेलेल्या पेशी परत येत नाहींत. उरलेल्या पेशी नवे मार्ग शिकतात, आणि शिकण्यास सराव लागतो. चालणें, बोलणें, शर्टाचीं बटणें लावणें, हिशेब ठेवणें हें सारें पुन्हां शिकवावें लागतें. या शास्त्राचा आशियांतील पहिला वर्ग के. ई. एम. इस्पितळांत १९५० सालीं कमलाबाई निंबकर यांनीं सुरू केला. जन्मानें त्या अमेरिकन, विवाहानें महाराष्ट्राच्या. अपंगास नुसतें सांभाळावयाचें नसतें, त्यास कामाला लावावयाचें असतें, हें व्यवसायोपचाराचें तत्त्व त्यांनीं येथें रुजविलें. चिलींत घोडागाडी हांकणाऱ्या गेजला जें योगायोगानें मिळालें, तें प्रत्येक रोग्यास योजून देण्याचा हा प्रयत्न होय. घरच्या माणसांसहि त्यांत वांटा आहे: दिवसाचें वेळापत्रक भिंतीवर लावणें, एका वेळीं एकच काम सांगणें, विश्रांति ठरवून देणें, आणि दारूपासून व दुसऱ्या आघातापासून जपणें. पहिला हादरा पुरता ओसरण्यापूर्वीं दुसरा बसला तर तो फार महाग पडतो. म्हणून खेळतांना डोकें आपटलेल्या मुलास त्याच दिवशीं पुन्हां मैदानांत उतरूं देऊं नये.

कायद्याच्या बाबतींत एक उणीव येथें सांगितली पाहिजे. गाडींतून अपघातानें पडलेल्या उतारूस भरपाई मिळण्याची तरतूद रेल्वे कायद्यांत आहे, आणि गाडींत चढतांना पडलेला उतारूहि तींत येतो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं दिला. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत ज्या एकवीस प्रकारांची यादी आहे तींत मेंदूच्या आघाताचें स्वतंत्र नांव नाहीं. पाय गमावलेल्याचा पाय दिसत नाहीं. स्मृति गमावलेल्याची स्मृति गेलेली कोणास दिसत नाहीं. ज्याची इजा डोळ्यांस दिसत नाहीं त्यास ती कागदावर सिद्ध करणें कठीण जातें.

सुश्रुतानें मर्म दाखविलें, पॉटनें मुदत दाखविली, हार्लोनें बदललेला स्वभाव टिपला, केर्न्सनें शिरस्त्राण दिलें, ग्लासगोनें भाषा दिली आणि हाउन्सफील्डनें दृष्टि दिली. एवढ्या मोठ्या वारशाचा उपयोग शेवटीं फलाटावरील एखाद्या अनोळखी माणसाच्या किंवा स्वयंपाकघरांतील एखाद्या गृहिणीच्या हातीं असतो. डोक्यास मार लागलेल्या माणसाची डोकेदुखी वाढत असेल, वांती पुन्हां पुन्हां होत असेल, नेहमींपेक्षां अधिक झोंप येत असेल, बोलणें अडखळत असेल, आंकडी आली असेल, एक हात किंवा पाय लुळा पडत असेल, नाकाकानांतून पाण्यासारखा द्रव येत असेल किंवा दोन बुबुळें लहानमोठीं दिसत असतील, तर सकाळची वाट पाहूं नये. ज्या इस्पितळांत स्कॅन व शस्त्रक्रिया दोन्ही होतात तेथें त्यास तडक न्यावें. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये, मान वांकवूं नये, त्याचा श्वास मोकळा ठेवावा. आणि तो ‘कांहीं झालें नाहीं’ म्हणाला तरी पहिले चोवीस तास त्यास एकटें सोडूं नये.